गच्चीला कठडा



मोशेच्या नियमांत घराविषयी एक छोटासा नियम आहे (अनुवाद २२:८). नवे घर बांधाल तेव्हा गच्चीला कठडा घाला. कोणी खाली पडले तर त्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येईल, असे तो बजावतो. मूल भाजले किंवा पडले की आपण चटकन म्हणतो, "देवाची इच्छा!" पण कठडा घालायचे काम देवाने आपल्यावर सोपवले आहे. ते न करता त्याच्या इच्छेकडे बोट दाखवणे बरे नव्हे.

आपल्या भिवंडीतली घरे आपण जाणतो. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे, अभ्यास आणि खेळ. पाणी ठराविक वेळी येते, म्हणून पिंपे नि बादल्या भरलेल्या. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलेला, आई स्वयंपाकात नि धुण्यात गुंतलेली, आणि दीड वर्षाचे बाळ आठ वर्षांच्या ताईच्या हवाली. माया कुणाचीच कमी नाही. पण ताईसुद्धा मूलच आहे. तिचे लक्ष खेळाकडे जाणारच. जमिनीवरची शेगडी, उकळत्या डाळीचे पातेले, हीटर लावलेली बादली, शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले फिनाईल, या सगळ्यांत बाळाला खेळणेच दिसते.

घरात माणसे भरपूर असली म्हणजे लक्ष असतेच असे नाही. मरिया आणि योसेफ यांनाही वाटले, की येशू सोबतच्या मंडळीत असेल. एक दिवसाची वाट चालल्यावर तो नाही हे कळले (लूक २:४४). बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी सुखरूप सापडला. बादलीत तोल गेलेल्या बाळाजवळ मात्र काही मिनिटेच असतात. म्हणून "कोणीतरी बघत असेल" असे धरून चालू नये. सुनेने सांगावे, "आई, अर्धा तास बाळाला तुम्ही बघा," आणि सासूबाईंनी "हो, माझ्याकडे आहे" म्हणावे. मुलांकडे पाहणे हे एकट्या आईचे काम नाही; बापाचीही पाळी असावी.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००८ च्या अहवालानुसार जगात रोज २००० हून अधिक मुले अपघाती इजांनी दगावत होती. माहीत असलेले उपाय सगळीकडे केले, तर त्यांतली निदान १००० वाचू शकली असती. हे उपाय म्हणजेच आजचे कठडे. शेगडी ओट्यावर ठेवावी. वापरलेली बादली उपडी करावी, पिंपाला घट्ट झाकण असावे. रॉकेल, फिनाईल, औषधे उंचावर, कुलपात ठेवावीत. खिडकीला जाळी बसवावी, खिडकीखाली पलंग नको. भाजल्यास २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे; टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये. रॉकेल प्यायल्यास उलटी करवू नये, १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा.

योनाथानचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना त्याला वाचवण्यासाठी दाई घाईने पळाली. तो पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा अधू झाला (२ शमुवेल ४:४). तिचे प्रेम खरे होते. घाईने घात केला. पवित्र शास्त्र तिला एका शब्दानेही दोष देत नाही. आपल्यातही मुलाच्या अंगावरचा व्रण पाहून रोज स्वतःला बोल लावणारी आई असेल. "तुझे लक्ष कुठे होते?" असे तिला विचारू नये. दावीद राजाने मफीबोशेथला आपल्या पंगतीला बसवले. आपणही त्या घराला जवळ करावे. शेजारची बाई दमली असेल, तर तिचे बाळ तासभर आपल्याकडे घ्यावे. हासुद्धा कठडाच आहे.

या आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेआधी घरातल्या सर्वांनी जमिनीवर बसून, बाळाच्या नजरेच्या उंचीवरून आपली खोली एकदा न्याहाळावी. हाताशी काय येते ते पाहावे आणि त्याच दिवशी हलवावे. मग हात जोडावेत.

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या लेकरांचे रक्षण करो, आणि त्या रक्षणात आपलेही हात लागोत. आमेन.