सातव्या बुडीपर्यंत

आजचं वाचन : २ राजे, अध्याय ५, वचने १ ते १९



आजचं वाचन थोडं मोठं आहे. बसमध्ये, मेट्रोत उभ्याने वाचत असाल तर आधी फक्त पहिली तीन वचनं वाचा आणि बाकीचं रात्री वाचा. पण वाचा नक्की, कारण मी खाली जे लिहिलंय ते त्या अध्यायाशिवाय अर्धवट आहे.

गोष्ट नामानाची. अरामाच्या राजाचा सेनापती. मोठा माणूस, राजाच्या मर्जीतला, लढाया जिंकलेला. आणि कोडी. पवित्र शास्त्र पहिल्याच वचनात त्याचे सगळे मानसन्मान एका दमात सांगतं आणि शेवटी हा एक शब्द ठेवतं. अंगावर चिलखत आहे तोवर कोणाला काही दिसत नाही. घरी आल्यावर मात्र बायकोला माहीत आहे, नोकरांना माहीत आहे.

घरात एक लहान मुलगी आहे. इस्राएलातून पकडून आणलेली, नामानाच्या बायकोची दासी. ती मालकिणीला सांगते की शोमरोनात एक संदेष्टा आहे, धनी त्याच्याकडे गेले तर बरे होतील. एवढंच बोलते आणि गोष्टीतून निघून जाते. पुन्हा कुठे दिसत नाही.

हा अध्याय मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलाय. सात बुड्यांचं चित्रही रंगवलंय, निळ्या खडूने. पण तो मला खरा ऐकू आला मागच्या वर्षी मे महिन्यात, रेणापूरला आमच्या घराच्या गच्चीवर.

त्याच्या आधीचं थोडं सांगावं लागेल. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बारा वर्षं झाली. मागच्या वर्षी एका रात्री बारानंतर आमच्या सिस्टीमवर पेमेंट व्हायचं बंद झालं. आठ-दहा जण कॉलवर. मी सगळ्यांत सीनियर. टीममध्ये एक मुलगी होती, नोकरीला लागून आठ महिने झालेले, आपल्याच मराठवाड्यातली. ती हळूच म्हणाली, "सर, सर्टिफिकेटची मुदत तर संपली नसेल? एकदा बघूया का?" मी म्हणालो, "ते बघून झालंय."

बघितलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट असणार नाही, असं मला वाटत होतं. माझ्या डोक्यात मोठी मोठी कारणं चालू होती, डेटाबेस, नेटवर्क, कालच टाकलेला नवा कोड. तीन तास आम्ही ती सगळी तपासली. पहाटे सव्वातीनला मी गुपचूप सर्टिफिकेट पाहिलं. रात्री बारालाच मुदत संपलेली. नवं टाकलं, दहा मिनिटांत सगळं सुरू.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कारण कोणी शोधलं असं विचारलं गेलं. मी म्हणालो, "मला शंका आली म्हणून मी तपासलं." ती मुलगी तिथेच बसली होती. काही बोलली नाही.

त्यानंतरचे काही महिने मी बायबल उघडलं नाही. चर्चमधल्या मित्रांना सांगत होतो की माझ्या विश्वासात सध्या अडचण चालू आहे, खूप प्रश्न पडलेत. प्रश्न खोटे नव्हते. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. हजारो गेले. आम्ही त्यानंतर कित्येक रात्री अंगणात झोपलो, एवढं मला अंधुक आठवतं. देवा, झोपलेली माणसं का? हा प्रश्न माझ्याकडे तेव्हापासून आहे आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. फक्त, त्या महिन्यांत मी त्याचा उपयोग करत होतो. त्याच्या आड बसलो होतो.

मे महिन्यात घरी गेलो. संध्याकाळी लाईट गेलेली, गच्चीवर चटया टाकलेल्या. पप्पा निवृत्त शिक्षक आहेत. कौटुंबिक प्रार्थना त्यांच्याकडे शाळेच्या तासासारखी चालते, वाचन झालं की प्रश्न. त्या दिवशी २ राजे ५ होता. पप्पांनी माझ्याकडे बघून विचारलं, "त्या पोरीचं नाव काय रे?"

मी म्हणालो, "दिलेलं नाही, पप्पा."

"का दिलं नसंल?"

मी गप्प. पप्पा म्हणाले, "उगं बसलास का? सांग की." मला सांगता येईना. मला एक नाव माहीत होतं, ते मी एका मीटिंगमध्ये घेतलं नव्हतं.

आता नामानाकडे परत येऊ. तो निघतो कसा ते बघा. दहा किक्कार चांदी, सहा हजार सोन्याची नाणी, दहा पोशाख, घोडे, रथ, आणि राजाचं पत्र. जातो कोणाकडे? राजाकडे. मुलीने संदेष्टा सांगितला होता, पण एवढा मोठा माणूस सरळ संदेष्ट्याच्या दारात कसा जाईल? ओळख वरूनच लावायची, ही आपली सवय तेव्हाही होती. इस्राएलचा राजा पत्र वाचून घाबरतो, कपडे फाडतो. अलीशा निरोप पाठवतो की त्याला माझ्याकडे येऊ दे.

रथ दाराशी उभा राहतो आणि अलीशा बाहेरही येत नाही. माणूस पाठवतो : यार्देनेत सात वेळा बुडी मार.

नामानाचा संताप मला नीट समजतो. त्याने मनात आधीच सगळं रचून ठेवलं होतं. संदेष्टा बाहेर येईल, उभा राहील, देवाचं नाव घेईल, जागेवरून हात फिरवील. मग तो नद्यांवर येतो. दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या इस्राएलच्या सगळ्या पाण्याहून चांगल्या नाहीत का?

लातूरच्या माणसाला इथे थोडं हसू येतं. आम्हाला नद्या निवडायची चैन कधी नव्हती. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. आमची रेणा नदी तर वर्षातले बरेच महिने नावापुरती. घागर घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे पाणी कुठल्या नदीचं, असं विचारायला सुचत नाही. नामानाला सुचलं, कारण त्याची तहान अजून त्याच्या मानापेक्षा लहान होती.

इथे पुन्हा नोकरच पुढे येतात. ते म्हणतात, संदेष्ट्याने काही अवघड सांगितलं असतं तर आपण केलं असतं ना? मग बुडी मारायला काय हरकत आहे? दोन्ही वेळा नामानाला वाट दाखवली ती ज्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत अशा माणसांनी.

आणि तो खाली उतरतो.

आता वचन १४ आणि १५ यांचा क्रम बघा. मी हे कितीदा वाचलं, पण लक्षात आलं नव्हतं. नामान बुड्या मारतो वचन १४मध्ये. सगळ्या पृथ्वीवर इस्राएलाशिवाय कुठे देव नाही हे आता मला कळलं, असं तो म्हणतो वचन १५मध्ये. पाण्यात उतरताना त्याची खात्री पटलेली नव्हती. पहिल्या बुडीनंतर काही झालं असं लिहिलेलं नाही. तिसऱ्या नाही, सहाव्या नाही. ओला, कोडी, नोकरांसमोर उघडा. चिलखत काठावर.

माझं उलटं चाललं होतं. आधी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळू देत, मग गुडघे टेकू. देवाने नामानाकडे उत्तरं मागितली नाहीत, शंका सोडून ये असंही सांगितलं नाही. त्याला फक्त खाली उतरायला सांगितलं.

याच क्रमाची एक गोष्ट आपल्या मराठी मंडळीत आहे. लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सुटलं नाही, चूल वेगळी, पाणी वेगळं. मग विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की माणसांतल्या या जाती देवाने केलेल्या नाहीत. सोवळं सुटलं, त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्याच्या नंतर. 'स्मृतिचित्रे' वाचली नसेल तर वाचा, त्यात त्या स्वतःला जितकं हसतात तितकं आपण साक्ष देताना कधी हसत नाही. पाण्याच्या पेल्याशी अडलेला अभिमान आधी गेला आणि येशूला मार्ग मोकळा झाला, असं मला ते वाचताना वाटतं.

नामान बरा झाला तेव्हा त्याचं अंग लहान मुलासारखं झालं असं लिहिलंय. मूळ हिब्रूत सुरुवातीची 'लहान मुलगी' आणि इथला 'लहान मुलगा' हे एकाच शब्दजोडीचे आहेत. सेनापती शेवटी आपल्या दासीसारखा झाला.

यापुढचा भाग संडे स्कूलमध्ये सहसा शिकवत नाहीत. मला तो सगळ्यांत प्रिय आहे. नामान दोन खेचरं वाहतील एवढी माती मागतो, घरी नेऊन तिच्यावर परमेश्वराची उपासना करायला. जणू देव मातीला बांधलेला आहे! ईश्वरविज्ञानाच्या परीक्षेत नापास होईल असा विचार. मग चाचरत सांगतो की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, तेवढं परमेश्वराने क्षमा करावं. दसऱ्याला ऑफिसमध्ये सर्व्हरला हार घालतात तेव्हा आम्ही काय करायचं, असं मला तरुण मुलं विचारतात, त्यांचा हाच प्रश्न. अलीशा नियम सांगत नाही. मातीबद्दल व्याख्यान देत नाही. शांतीने जा म्हणतो, बस्. मीही यावर नियम सांगणार नाही. कच्च्या, अर्ध्या समजलेल्या विश्वासाच्या माणसाला देवाच्या माणसाने शांतीने वाटेला लावलं, एवढं मला धरून ठेवावंसं वाटतं.

नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने याच नामानाचं नाव घेतलं, लूक ४:२७. ऐकणारे इतके चिडले की त्याला कड्यावरून लोटायला निघाले. परका बरा झाला आणि आपले राहिले, हे आपल्याला, जन्मापासून चर्चला जाणाऱ्यांना, आजही खुपतं.

तर गच्चीवरची ती रात्र. प्रार्थनेत पप्पांनी मला बोलायला सांगितलं. दोन वाक्यांपुढे मला जाता आलं नाही. मम्मीने पुढची प्रार्थना पूर्ण केली.

पुण्याला आल्यावर सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की त्या रात्री कारण मी शोधलं नव्हतं. कोणी सांगितलं होतं ते नाव घेऊन सांगितलं, मी न बघता बघितलं म्हणालो हेही सांगितलं. कान गरम झाले होते. वाक्य एकदा अडकलं, पुन्हा सुरू केलं. मॅनेजर "ओके" म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

जेवायच्या सुट्टीत ती मुलगी आली. म्हणाली, "सर, मला तेव्हाच माहीत होतं. सव्वातीनपर्यंत त्या सर्व्हरवर कोणी लॉगिनच केलं नव्हतं. लॉगमध्ये दिसत होतं." रागाने नाही, सहज बोलली. मग म्हणाली, "डबा आणलाय, शेंगदाण्याची चटणी घेता का?"

त्या संध्याकाळी मी बायबल उघडलं. किल्लारीचा प्रश्न तिथेच होता, आजही आहे. मी तो घेऊनच प्रार्थनेला बसतो. पूर्वी तो माझ्या आणि देवाच्या मध्ये ठेवायचो, आता शेजारी ठेवतो. कधी एखादी बुडी, कधी तीही नाही. माझी कितवी चालू आहे ते मी मोजत नाही.

उद्या याच अध्यायाचं वचन २० पासून वाचू. तिथे गेहजी आहे, जे त्याचं नव्हतं ते मागून घेणारा आणि विचारल्यावर मी कुठे गेलोच नव्हतो म्हणणारा. नामानापेक्षा तो मला जड जाणार आहे, म्हणून आजच वाचून ठेवतोय.