ओट्यावरचा खोकला

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. १९५५ साली रशियाशी करार झाला, पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आणि तो बांधायला आलेल्या मजुरांचे तळ पडले. कारखाना झाला, तळ उठले नाहीत. भंडाऱ्याकडून बापाचं बोट धरून आलेला एक पोरगा याच वस्तीत वेल्डर झाला आणि इथेच म्हातारा झाला. घरात त्यांना आबाजी म्हणत, हळूहळू सगळी गल्लीच म्हणू लागली.

संध्याकाळी आबाजींच्या ओट्यावर चौघांचा पत्त्यांचा डाव बसे. तंबाखूची डबी एकच, चारही हातांत फिरणारी. २०२१ च्या ६ एप्रिलला दुर्ग जिल्ह्यात लॉकडाऊन लागला, रस्ते ओस पडले, पण डाव मोडला नाही. ओटा म्हणजे घरच, असं सगळ्यांनी धरून चाललं. आबाजींना कणकण होती, घसा धरला होता, डावाच्या मध्येच कोरडा खोकला यायचा. ‘चैताची हवा हाय, बाधते,’ असं म्हणून ते पान टाकत. तीन संध्याकाळी तिघंही येऊन बसले.

चौथ्या दिवशी, १३ तारखेला, गुढीपाडवा होता. अंघोळीला बसलेल्या आबाजींना छातीवर, पाठीवर, दंडांवर लाल पुरळ दिसलं. शेजारच्या काकूंनी ते कुंपणावरून पाहिलं. दारात गुढीचा कडुनिंबाचा डहाळा होताच. त्याच दिवशी चैत्र नवरात्र बसलं होतं, घरोघरी देवीचे जवारे पेरले होते. तासाभरात गल्लीत झालं, ‘आबाजीले माता आली.’ कोणी म्हणालं, डेंग्यू असेल. २०१८ च्या पावसाळ्यातली भिलाईतली साथ कोणी विसरलं नव्हतं. नातीनं नेलेलं पुरणपोळीचं ताट काकूंनी दारातूनच परत पाठवलं. ‘हात नोको लावू बाई कोणाले,’ एवढंच बोलल्या. संध्याकाळी ओटा रिकामा होता.

नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तोंडावर दुहेरी मास्क लावून तिनं आजोबांना तपासणीला नेलं. कोरोना निघाला.

आबाजींचा विश्वास बसेना. ‘तो तर छातीचा रोग. मंग चामडीवर कसा आला?’

‘तुम्ही प्लँटात जायचे तेव्हा गेटवर पास दाखवायचे ना? ते गेट चोरासाठी बांधलं होतं का?’

‘कामगारासाठी बांधलं होतं.’

‘तसंच आहे, आबाजी. पेशीच्या अंगावर एसीई-२ नावाचं प्रथिन असतं. रक्तवाहिन्या आवळणारं एक रसायन मोडायचं, रक्तदाब ताळ्यावर ठेवायचा, हे त्याचं काम. या विषाणूच्या अंगावरचा काटा नेमका त्यातच अडकतो आणि तो आत जातो. हे प्रथिन नाकात आहे, फुफ्फुसात, आतड्यात आहे, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे. आणि चामडीच्या तळच्या थरात, घामाच्या ग्रंथींतही आहे.’

‘म्हणजे घामातून शिरला?’

‘नाही, श्वासातून शिरला. चामडीतल्या पेशींपर्यंत तो कधी पोहोचूही शकतो, पण अंगावर असं उठतं ते बहुतेक वेळा आपल्याच पहारेकऱ्यांमुळे. एका गेटवर सायरन वाजला की सगळ्या शॉपमधली माणसं धावत सुटतात, तसं.’

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण ही पोर जे सांगत होती ते जगानं नुकतंच, फार मोठी किंमत मोजून शिकलं होतं. एसीई-२ शास्त्रज्ञांना २००० साली सापडलं, आणि २००३ मध्ये कळलं की सार्सचा विषाणू याच दारानं आत येतो. २०२० च्या वसंतात इटलीत लोंबार्डीतल्या डॉक्टरांनी ८८ रुग्णांची नोंद केली. १८ जणांच्या त्वचेवर खुणा होत्या, त्यांतल्या ८ जणांना तर अगदी सुरुवातीलाच. स्पेनमध्ये ३७५ रुग्णांच्या अंगावरच्या खुणांची वर्गवारी झाली: कुणाला गांध्या, कुणाला पाणी धरलेले फोड, कुणाच्या पायाची बोटं थंडीनं सुजावीत तशी जांभळी. सर्वांत जास्त, जवळजवळ निम्मे, आबाजींसारखे लाल पुरळवाले. थायलंडमध्ये एका रुग्णाच्या अंगावरचे ठिपके पाहून आधी डेंग्यूच समजला गेला. कॅम्प-१ ची गल्ली चुकली यात नवल नाही.

नात हातमोजे घालून आजोबांच्या पाठीला कॅलामाइन लावत होती.

‘याले हात लावून होत नाही?’

‘पुरळाला हात लावून नाही होत. खोकल्यानं होतं.’

आबाजी बराच वेळ गप्प राहिले. मग एकदम वळून म्हणाले, ‘पोरी, ते तिघं तीन दिवस माह्यासमोर बसले होते. तवा माह्या अंगावर काहीच नव्हतं.’ त्यांचा आवाज कापत होता. ‘जा, सांग त्यांले. मी खोकलो म्हणून सांग.’

ती तिन्ही दारांशी गेली. दोघांनी ऐकलं, तपासणी करून घेतली. तिसरे खिडकीतूनच बोलले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारून त्यांनी दोन्ही हात गजांशी धरले. ‘पाय, एक ठिपका नाही.’ त्यांची बायको मागून म्हणाली, ‘रोज पाठ पायतो मी यांची. अंग साफ हाय.’

तरी नातीनं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर खिडकीत ठेवलं आणि रोज संध्याकाळी आकडा विचारायला ती अंगणात उभी राहू लागली. ९७. ९६. ९६. तिसऱ्यांना आता खोकला होता, पण त्या घरात खोकल्याची मोजदाद नव्हती. तिथे सकाळ-संध्याकाळ पाठ तपासली जात होती. नवव्या दिवशी आकडा ९३ आला. दहाव्या दिवशी ८८. बायको आकडा वाचून रडायला लागली आणि रडताना एकच वाक्य बोलत राहिली, ‘पण अंग तर साफ हाय वं पोरी, अंग तर साफ हाय.’

त्या दिवसांत बेड मिळणं सोपं नव्हतं. रात्री उशिरा मिळाला. ऑक्सिजनवर बारा दिवस काढून ते परत आले, काठीच्या आधारानं, आवाज खोल गेलेला.

आबाजींचं पुरळ आठवड्याभरात मावळलं होतं. पाठीवर थोडे काळसर डाग राहिले, तेही पावसाळ्यापर्यंत विरले. जूनमध्ये डाव पुन्हा बसला, अंगणात, चार खुर्च्या लांब लांब टाकून. डबी प्रत्येकाची वेगळी.

एका सकाळी नळावर एक नवी सून बायकांना मनगटावरचा लाल चट्टा दाखवत होती. दोघी-तिघी मागे सरकल्या. तिसऱ्यांची बायको हंडा खाली ठेवून पुढे आली. तिनं चट्ट्याकडे एकदा पाहिलं, नाकावरचा मास्क नीट केला आणि विचारलं,

‘ते राहू दे. घरात खोकून कोण रायलं?’