हा कोणाचा?

(यशया ४४:५, १ करिंथ ६:१९, २०)

अकोला जिल्ह्यांत पातूर या नांवाचीं दोन गांवें आहेत. एकास पातूर नंदापूर म्हणतात. आणि दुसरें, जें अकोल्याहून वाशिमास जातांना घाटाच्या अलीकडे लागतें, त्यास जुनीं माणसें पातूर शेख बाबू म्हणतात. शेख बाबू या साधुपुरुषाचा दर्गा तेथें आहे, म्हणून त्याचें नांव गांवास लागलें. कोणतें पातूर, असा प्रश्न केला असतां कोणाचें पातूर, हें उत्तर मिळतें.

आमच्या वऱ्हाडांत माणसांच्या बाबतींतहि हीच चाल आहे. अनोळखी पोर पारावरून गेलें तर बसलेला म्हातारा त्यास तूं कोण म्हणून विचारीत नाहीं. तो शेजाऱ्याकडे वळून म्हणतो, "हा कोनाचा पोट्टा व्हय?" बापाचें नांव कळलें म्हणजे त्याचें समाधान होतें, पोराचें स्वतःचें नांव पुष्कळदां तो विचारीतहि नाहीं.

ख्रिस्ती मनुष्य कोण, या विषयावर अलीकडे पुष्कळ उपदेश होतात. आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं पवित्र शास्त्र हा प्रश्न त्या पारावरच्या म्हाताऱ्यासारखाच विचारतें. अंत्युखियांत शिष्यांस ख्रिस्ती हें नांव पहिल्यानें मिळालें (प्रे. कृत्यें ११:२६); तें त्यांनीं आपण होऊन घेतलें नाहीं, लोकांनीं दिलें. सबंध नव्या करारांत तो शब्द अवघा तीन वेळां आला आहे. ज्या नांवाविषयीं आपण आज इतके हळवे आहों, तें नांव प्रेषितांच्या लेखणींतून इतकें क्वचित् उतरावें, याचें विद्यालयांत शिकत असतां आम्हांस मोठें नवल वाटत असे. शिष्य स्वतःची ओळख निराळ्या शब्दांनीं देत. आम्ही देवाचीं मुलें आहों, मोल देऊन विकत घेतलेले आहों, आपले स्वतःचे नाहीं आहों, असें ते म्हणत. हीं सर्व उत्तरें 'कोणाचा' याचीं आहेत. ख्रिस्ती या शब्दाचा मूळ अर्थ तरी दुसरा काय आहे? ख्रिस्ताचा मनुष्य, इतकाच.

हें व्यासपीठावरून सांगणें सोपें आहे. पंधरा दिवसांपूर्वीं पातूर तालुक्यांतल्या एका खेड्यांतून (गांवाचें नांव आम्ही लिहीत नाहीं) एक तरुण आपल्या आईसह आमच्याकडे आला. तो बारावी चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला आहे. तीन वर्षांपूर्वीं आम्हींच त्याला बाप्तिस्मा दिला. त्याच्या आजोबांनींहि ख्रिस्ताचा स्वीकार केला होता, परंतु शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं जें ठाऊक होतें तें लिहिलें: हिंदू मातंग. बापाच्या दाखल्यावर तेंच आलें आणि मुलाच्या दाखल्यावरहि तेंच. आतां कॉलेजांत प्रवेश हवा, फी झेपत नाहीं, आणि जातपडताळणीच्या वेळीं मंडळीच्या दप्तरांतलें नांव कोणीं पुढें आणिलें तर सारेंच बुडेल, अशी त्यांस धास्ती. तो म्हणाला, "पाळकसाहेब, दप्तरांतलें माझें नांव तेवढें खोडा. मी मनानें प्रभूचाच आहे." आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आपन कोनाचे, हे देवाले ठाऊक आहे, पन कालेजाले कागद लागते."

नांव खोडतां येणार नाहीं, असें आम्हीं सांगितलें. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. त्या तरुणाची परवानगी घेऊनच हें लिहीत आहों.

ज्यांस कायद्याची ही बाजू ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींची यादी ठरली, आणि तिच्या तिसऱ्या कलमांत असें घातलें कीं हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा मनुष्य त्या जातींत गणला जाणार नाहीं. १९५६ सालीं शिखांस आणि १९९० सालीं बौद्धांस त्यांत घेतलें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. यांत चमत्कार असा कीं शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत मेळघाटांतला कोरकू ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीचाच राहतो, कारण जमातींच्या यादीस धर्माची अट नाहीं. २०२२ सालीं सरकारनें माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं या प्रश्नावर आयोग नेमला. पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें पुदुच्चेरीच्या एका बाईच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं बाप्तिस्मा घेऊन नित्य चर्चला जाणाऱ्या मनुष्यानें केवळ सवलतीसाठीं आपण हिंदू आहों असें म्हणणें म्हणजे राज्यघटनेची फसवणूक होय.

या कायद्याविषयीं आमचें मत आम्ही लपवीत नाहीं. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें जात धुतली जाते असें कायदा धरून चालतो. असें खरोखर झालें असतें तर आमच्याइतका आनंद कोणास झाला असता? पण गांवाला ही वार्ता कोणीं सांगितली नाहीं. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशीं मनुष्य त्याच वस्तींत राहतो, त्याच शेतांत मजुरीला जातो आणि त्याच हांकेनें बोलाविला जातो. अन्याय होत आहे. तो सनदशीर मार्गानें मांडीत राहिलें पाहिजे. परंतु अन्यायी रकान्यांत खोटें लिहिलें तर तें खरें होतें काय, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं.

अशा कागदांची अडचण मंडळीला नवी नाहीं. इ. स. २५० च्या सुमारास रोमचा बादशाहा डेसियस यानें हुकूम काढला कीं सर्वांनीं देवतांपुढें यज्ञ करून अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. मिसर देशाच्या वाळूंत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसावर लिहिलेले सांपडले आहेत. मीं सदैव देवतांस बलि दिले, आतांहि तुमच्यासमक्ष दिला, असा मजकूर आणि खालीं साक्षीदाराची सही. आपल्या कचेऱ्यांतल्या छापील नमुन्यांशीं त्यांचें साम्य पाहून मन चरकतें. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं यज्ञ तर केला नाहीं, पण पैसे देऊन दाखला तेवढा मिळविला. आपण मूर्तीपुढें वांकलों नाहीं, कागद काय, कागदच आहे, असें ते म्हणत. छळ ओसरल्यावर यांचें काय करावें, हा वाद कार्थेजच्या मंडळींत पेटला. तेथील बिशप सिप्रियन यानें त्यांस निर्दोष म्हटलें नाहीं. दाखला हाहि एक नाकार आहे, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. पण त्यांस कायमचें बाहेरहि टाकिलें नाहीं. इ. स. २५१ च्या सभेंत ठरलें कीं प्रत्येकाची परिस्थिति निरनिराळी पाहावी आणि पश्चात्ताप करणाऱ्यास परत घ्यावें. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. त्या छळाच्या वेळीं सिप्रियन स्वतः शहर सोडून लपून राहिला होता, आणि त्याचे विरोधक त्याला ती आठवण देण्यास चुकत नसत. आठ वर्षांनीं त्यानें प्रभूसाठीं आपलें मस्तक दिलें. पण न्यायास बसला तेव्हां तो पळून गेलेला मनुष्य होता. न्याय करणाऱ्यास आपली भीति ठाऊक असावी, हें बरेंच आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. जन्माची ओळख सांगणें हेंच पाप आहे, असें कांहीं उत्साही उपदेशक म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. पौलानें फिलिप्पैकरांस आपला वंश, कूळ आणि पंथ मोजून दाखविला (फिलिप्पै ३:५). आजच्या भाषेंत त्याचा जातीचा दाखला निर्दोष होता. तें सर्व त्यानें ख्रिस्तापुढें हानि असें मानिलें. परंतु तें खोटें होतें असें म्हटलें नाहीं. त्याच फिलिप्पै शहरांत फटके खाल्ल्यावर त्यानें आपण रोमी असल्याचें अधिकाऱ्यांस ठणकावून सांगितलें. तें खरें होतें, म्हणून सांगितलें. दानीएल व त्याचे सोबती यांचीं नांवें बाबेलच्या दरबारांत बदललीं, तीं त्यांनीं मुकाट्यानें वागविलीं. राजाच्या ताटाशीं मात्र ते अडले. आपल्याकडे बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक व पंडिता रमाबाई यांनीं बाप्तिस्म्यानंतरहि आपलीं जुनीं नांवें टाकिलीं नाहींत. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले टिळक शेवटपर्यंत नारायणच राहिले, आणि ते कोणाचे आहेत याविषयीं महाराष्ट्रांत कोणास संशय उरला नाहीं. तेव्हां आपले पूर्वज कोण होते हें विचारलें तर बेलाशक सांगावें. तुझी श्रद्धा कोणावर, असें विचारलें तर तेंहि खरें सांगावें. पहिलें सांगतांना दुसरें नाकारावें लागतें, तेथेंच कांटा रुततो. आणि आमच्या तरुणाचा अर्ज नेमका तेथेंच अडला आहे.

त्याच्या आईनें नामानाचें उदाहरण दिलें नाहीं, पण दुसरे देतात. अरामी सेनापति नामान देवाकडे वळला, आणि राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळांत वांकावें लागेल त्याची क्षमा असावी, असें त्यानें अलीशास विनविलें. अलीशा म्हणाला, शांतीनें जा (२ राजे ५:१८, १९). हा उतारा आम्हीं त्या रात्रीं पुनः पुनः वाचला. नामानानें आपल्या वांकण्यास चांगलें म्हटलें नाहीं. तें करण्याआधींच क्षमा मागितली. खरें तें त्यानें संदेष्ट्यापासून लपविलें नाहीं. आणि अलीशानें वांक असेंहि म्हटलें नाहीं, वांकूं नको असेंहि म्हटलें नाहीं. त्याच्याहून अधिक शहाणपण आमच्यापाशीं आहे असें सोंग आम्हीं कां आणावें?

त्या तरुणास दोष देण्यास मंडळींतले कित्येक पुढें सरसावले आहेत, म्हणून त्यांजपाशींहि दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. एके काळीं ख्रिस्ती या नांवानें भाकर मिळत असे. मिशनची शाळा, मिशनचें वसतिगृह, दवाखान्यांतली नोकरी या दारांवर तेंच नांव चाले. आमचें स्वतःचें शिक्षण प्राथमिक शाळेपासून धर्मविद्यालयापर्यंत मिशनच्या पैशावर झालें. तें नांव मिरविण्यास आम्हांस कधींहि एक पैशाची तोशीस पडली नाहीं. आज त्याच नांवापायीं एका मजुराच्या पोराची भाकर जाते. ज्यांस नांवापासून लाभ झाला त्यांनीं, ज्याला तोटा होतो त्याला निष्ठा शिकवावी, हें ऐकावयास बरें दिसत नाहीं.

शिवाय आपण तरी कोणता रकाना पुसला आहे? सोयरीक जुळवितांना आपल्या मंडळींत पहिला प्रश्न काय असतो? मुलगी प्रार्थना करते काय, हा नव्हे. "मूळचे कोण?" हा असतो. पौलानें गलतीकरांस जें लिहिलें (गलती ३:२८) तें आपण भिंतीवर टांगतों आणि लग्नाची बोलणी त्याच भिंतीखालीं बसून करितों. सरकार म्हणतें, तुम्हांस जात नाहीं. आपण ती घरांत जपून ठेवितों. त्या तरुणाचा कागद आणि त्याचें मन यांत अंतर आहे हें खरें. पण आपलें अंतर मोठें आहे, आणि आपणांस कोणी पडताळणीस बोलावीत नाहीं, एवढाच काय तो फरक.

यशयाच्या पुस्तकांत एक सुंदर चित्र आहे. कोणी म्हणेल मी परमेश्वराचा, आणि कोणी आपल्या हातावर तसें लिहील. दासाच्या अंगावर धन्याची खूण असे, त्यावरून हें चित्र घेतलें असावें. येथें लिहिण्यास हात लागतो, आणि तो हात स्वतःचाच असतो. गुरुजींनीं, कारकुनानें किंवा पाळकानें लिहिलेलें तेथें चालत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या खेड्यास गेलों. त्या तरुणास आम्हीं तीन गोष्टी सांगितल्या. दप्तरांतलें नांव आम्ही खोडणार नाहीं, कारण तें खरें आहे. आम्ही आपण होऊन कोणत्याहि कचेरींत जाऊन तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाहीं, कारण आम्ही तुझे पाळक आहों, शिपाई नव्हों. आणि खरें लिहून जागा गेली तर तुझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठीं मंडळीपुढें हात पसरूं. पहिली रक्कम आमच्या पगारांतून. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. मंडळीच्या पंचांनीं मात्र फीची गोष्ट ऐकून बराच वेळ जमिनीकडे पाहिलें. एका वृद्ध बाईनें, जिची स्वतःची रोजंदारी पावसावर अवलंबून आहे, पदराच्या गांठींतून पन्नास रुपये सोडून टेबलावर ठेविले. त्यानंतर दोघांनीं नांवें लिहून दिलीं.

मागल्या रविवारीं तो उपासनेस आला होता. सतरंजीच्या शेवटच्या कडेला बसला. प्रभुभोजनाची थाळी जवळ आली तेव्हां त्यानें ती शेजाऱ्याकडे दिली, स्वतः घेतलें नाहीं. आम्हीं त्यास कारण विचारलें नाहीं. उपासना संपल्यावर त्याची आई दारापाशीं थांबून म्हणाली कीं अर्ज भरायला अजून आठ दिवस आहेत.