पाच वर्षांची अट

रामदासांनी दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू केला आणि पढतमूर्खाच्या लक्षणांनी संपवला. ती यादी वाचताना आधी शेजारी आठवतो, मग एखादा नातेवाईक. थोडे पुढे गेलो की आपणच सापडतो. ती लिहिली होती तीही त्यासाठीच. वाचणाऱ्याने स्वतःतले लक्षण ओळखावे आणि टाकावे.

व्यक्तिमत्त्व विकारांची प्रश्नावलीही लक्षणांचीच यादी. फक्त ती दुसऱ्याच्या हाती जाते. नवी मुंबईत, नेरुळच्या एखाद्या महाविद्यालयात ती वाटली, असे धरू. सोलापूरहून आलेली, होस्टेलवर पहिल्यांदाच राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी ‘लोकांवर विश्वास ठेवणे मला जड जाते’ यापुढे ‘होय’ अशी खूण करते. ती खोटे बोलत नाही. पण हा अविश्वास स्वभावात मुरलेला आहे की दोन महिन्यांच्या परकेपणाचा, हे त्या खुणेवरून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने या विकारांसाठी घडवलेल्या मुलाखतीत एक शहाणी अट आहे: वागण्याची ती तऱ्हा किमान पाच वर्षे टिकलेली हवी. एकोणिसातून पाच गेले की उरतात चौदा. म्हणजे आठवी-नववीपासूनचा हिशेब. त्या वयात कोण स्थिर असते?

आकडेही सावध करतात. समजा, 1000 विद्यार्थ्यांत 50 जणांना खरोखर विकार आहे. चाचणी त्यांतले 80 टक्के पकडते आणि उरलेल्या 950 पैकी 20 टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. हाती लागले 230. त्यांतले खरे 40, उरलेले 190 नाहक.

शास्त्रालाही आपल्या कप्प्यांची खात्री उरलेली नाही. 2013 च्या अमेरिकी वर्गीकरणात दहा विकार नावानिशी आहेत. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक वर्गीकरणाने मात्र बहुतेक नावे बाजूला ठेवून आधी सौम्य, मध्यम की तीव्र हे विचारायला सुरुवात केली.

कप्पे असे अपुरे का पडतात, हे नवी मुंबईकराला समजायला जड नाही. 1970 मध्ये हे शहर वसवायला सिडको आली, 95 गावांच्या जमिनीवर सेक्टर आखले गेले. नकाशा हवाच होता. त्याशिवाय रस्ते आणि गटारे झाली नसती. पण गावठाणे त्या चौकोनांत बसली नाहीत, आजही बसत नाहीत. तिथला पत्ता विचारूनच काढावा लागतो.

म्हणून मोजू नये, असे नाही. खरे त्रासलेले ते 40 जण एरवी कोणाच्या नजरेस पडले असते? पण प्रश्नावली ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. तिच्यात अडकलेल्या प्रत्येकाशी तासभर बोलणारा समुपदेशक आधी नेमावा, निकाल आधी त्या विद्यार्थ्याच्याच हाती द्यावा, आणि मगच कागद वाटावेत. एवढे जमत नसेल, तर कागद कपाटातच बरे.