शंकेला उत्तर न देता

जमेल तसं बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल, डोळे मिटलेच पाहिजेत असं काही नाही.

रात्री झोपण्याआधी स्वयंपाकघरात काय करता ते आठवा. ओट्याखाली वाकून रेग्युलेटरचं बटण फिरवता, दिवा मालवता, विषय संपतो. तो कसा संपतो, याकडे सावकाश लक्ष न्या. डोळ्यांनी पाहिलं, हे खरंच. पण त्याशिवाय आतून 'झालं' अशी एक पोच मिळते. ती इतकी निमूट येते की एरवी तिची कोणी दखलही घेत नाही.

समजा, आज ती आलीच नाही. बटण बंद दिसतंय, बोटांना घट्ट लागतंय, तरी 'झालं' काही वाटत नाही. म्हणून पुन्हा हात लावता. आता नवीच शंका: हात लावताना ते उघडलं तर नसेल? परत वाकता. घरात सगळे झोपलेत, काही झालं तर जबाबदार तुम्ही.

इथे जरा थांबा. मंत्रचळ, म्हणजे डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, तो जडलेल्या माणसाला बहुतेक वेळा कळत असतं की गॅस बंद आहे. आपण अति करतोय हेही कळतं. 'एवढं कळतंय तर सोड ना' हे घरच्यांचं बोलणं म्हणूनच त्याला जिव्हारी लागतं. बरं, तपासून खात्री वाढावी, तर तेही होत नाही. नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ साली छापलेल्या प्रयोगात धडधाकट माणसांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली होती. त्यांची आठवण फारशी चुकली नाही, पण ती पुसट झाली आणि तिच्यावरचा विश्वास उडाला.

आता एक अवघड गोष्ट. स्वतःशी खरं बोला, मोठ्यानं सांगायचं नाहीये. गाडी फलाटात शिरताना 'उडी मारली तर?' असं कधी मनात आलंय? तान्हं बाळ कडेवर असताना 'हातून फेकलं गेलं तर?' देवापुढे हात जोडलेले असताना एखादी घाणेरडी शिवी? रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ साली दाखवलं की असले विचार साध्यासुध्या माणसांनाही येतात, आणि आशयात ते रुग्णांच्या विचारांशी चांगलेच जुळतात. तुमच्या मनातून तो विचार आला तसा गेला. मंत्रचळात माणूस त्याला धरून बसतो: मी असा विचार केलाच कसा, मी खुनी तर नाही? मग जप, मोजणं, हात धुणं, कबुल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बऱ्या वाटण्यावरच आजार पोसला जातो.

एखादी लहानशी शंका मनात येऊ द्या. कुलूप लावलं का, निरोप नीट लिहिला का, काहीही. 'लावलंय' म्हणू नका, 'नसेल लावलं' असंही नको. छातीत जे घट्ट होतं ते होऊ द्या. श्वास मोजून ते घालवायचंही नाही, कारण मग मोजणं हाच नवा विधी होऊन बसतो.

तुम्हाला हे मिनिटभर जमलं असेल. आजारी माणसाला यासाठी जाणकाराची सोबत लागते. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनला हीच वाट धरली: भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा आणि नंतरचं धुणं थांबवायचं. आज हे रुग्णाच्या संमतीनं, पायरीपायरीनं करतात. जोडीला बऱ्याचदा औषधंही असतात. त्यांचा गुण यायला कधी दहा-बारा आठवडे लागतात.

शेवटी घरातल्या माणसाच्या जागी बसा. मुलगा ओले हात पुढे करून विचारतोय, "आई, धुतले ना गं मी नीट?" आज कितव्यांदा, कोण जाणे. 'धुतलेस रे बाळा' जिभेवर तयार आहे. ते तिथेच ठेवून 'तुला शंका येतेय ना, मी बसते तुझ्याजवळ' असं म्हणून पाहा. हे मात्र त्याच्याशी आधी ठरवून आणि उपचार करणाऱ्यांना विचारून करायचं. एके दिवशी अचानक उत्तर बंद केलं तर पोर आणखीच घाबरेल.