पोरांच्या बाकावर बसलेले संत



कुणाची कंपनी बंद पडलेली असते, कुणी आखातातून कायमचा परतलेला असतो, तर कुणा भगिनीची मुले मोठी झालेली असतात आणि तिला शिक्षिका व्हायचे असते. वीस वर्षांनी पुन्हा कॉलेजचा अर्ज भरावासा वाटतो. ‘आता ह्या वयात?’ असे शेजारी पुढे कधीतरी विचारतील, आपले मन मात्र ते आधीच विचारून बसलेले असते.

अशा वेळी संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्याकडे आपण पाहावे. ३१ जुलैला आपण त्यांचा सण पाळतो तो येशूसंघाचे संस्थापक म्हणून. ते विद्यार्थी होते, हे विसरून जातो. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि शिपाईगिरी संपली. आत्म्यांची सेवा करायची तर शिक्षण हवे, हे पुढे त्यांना उमगले. १५२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या सुमारास, बार्सिलोना येथे ते लॅटिन व्याकरण गिरवू लागले.

तिथे एक गंमत झाली. पाठांतराला बसले की त्यांच्या मनात भक्तीचे उमाळे येत. प्रार्थनेतही येत नसत इतके! हा मोह आहे, हे त्यांनी ओळखले. शिक्षकांना चर्चमध्ये नेऊन सगळे सांगितले आणि दोन वर्षे तास चुकवणार नाही, असे वचन दिले. आम्हाला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. अभ्यास टाळायला आपण वाईट कारणे शोधत नाही, चांगलीच शोधतो. नोव्हेना असते, मंडळाची सभा असते, पाहुणे येतात.

पुढे आल्काला येथे त्यांनी घाईघाईने बरेच विषय एकदम घेतले. १५२८ साली पॅरिसला पोहोचल्यावर पाया कच्चा असल्याचे ध्यानात आले, तेव्हा सदतिसाव्या वर्षी ते पुन्हा लहान मुलांच्या वर्गात जाऊन बसले! ज्याच्याकडे पैसे ठेवायला दिले, त्याने ते खर्चून टाकले. राहण्याची जागा गेली, धर्मशाळेत राहून भीक मागावी लागली, तास बुडू लागले. पुढे ते सुट्टीत फ्लँडर्सच्या स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षाचा खर्च मागून आणीत. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेला पीटर फेबर त्यांचा अभ्यास घेई. त्याच खोलीत फ्रान्सिस झेवियर राहत, जे १५४२ साली गोव्यात आले. इग्नेशियस पदवीधर झाले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

मात्र इग्नेशियस एकटे होते, आपल्या मागे घर आहे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. तो हिशेब नवरा-बायकोने मिळून, मुलांनाही सांगून करावा. कर्ज डोक्यावर असेल तर नोकरी सोडू नये, असेच आम्ही म्हणू. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते घरकाम, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीही. आणि घरच्यांनो, आईची परीक्षा असेल त्या आठवड्यात स्वयंपाकाला दुसरे कुणी उभे राहायला काय हरकत आहे?

रविवारी तास असेल, तर शनिवारच्या सायंकाळच्या मिस्साला या. तिने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. पुस्तके सोबत आणली तरी चालतील.