गॅलिलिओचा कबुलीजबाब : निवाड्याचा अधिकार कोणाचा?

१

२२ जून १६३३ रोजी रोममधील सान्ता मारिया सोप्रा मिनर्व्हा या मठात, वयाच्या सत्तराव्या वर्षात असलेल्या गॅलिलिओने गुडघे टेकून आपल्या मताचा शपथपूर्वक त्याग केला. पृथ्वी फिरते हे मत आपण टाकून देत आहोत, त्याचा धिक्कार करीत आहोत, असे त्याच्याकडून वदवून घेण्यात आले. उरलेले आयुष्य त्याने नजरकैदेत, बहुतांशी फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील घरात काढले. तेथेच तो अंध झाला आणि ८ जानेवारी १६४२ रोजी मरण पावला. याच बंदिवासात त्याने दोन नव्या विज्ञानांविषयीचा आपला संवादग्रंथ पूर्ण केला. १६३८ मध्ये तो लायडन येथे, इन्क्विझिशनचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, छापला गेला.

पहिल्या घटनेचे नैतिक मूल्यमापन करताना दुसरी घटना जमेस धरावयाची की नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ग्रंथ पूर्ण झाला म्हणून शरणागती क्षम्य ठरते काय? ठरत असेल, तर ती क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? आणि ठरत नसेल, तर दोषी ठरविण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नांची विसाव्या शतकातील सर्वांत तीव्र मांडणी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नव्हे, तर बेर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘गॅलिलिओचे जीवन’ या नाटकात आढळते. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ यांच्या निमित्ताने आपल्याकडे ब्रेख्तची जी चर्चा झाली, ती स्वाभाविकपणेच दुराव्याचे तंत्र, गाण्यांचा वापर, लोकनाट्याशी असलेले साधर्म्य अशा प्रयोगविषयक अंगांभोवती फिरली. ब्रेख्तमधील नीतिमीमांसकाकडे वळण्यासाठी ‘गॅलिलिओ’सारखी दुसरी संहिता नाही, कारण येथे लेखकाने स्वतःचाच निवाडा फिरविलेला आहे.

२

या नाटकाच्या मुख्यतः तीन संहिता आहेत. पहिली ब्रेख्तने १९३८-३९ मध्ये डेन्मार्कमध्ये, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा असताना लिहिली. तिचा प्रयोग १९४३ मध्ये झ्यूरिक येथे झाला. दुसरी अमेरिकेत, नट चार्ल्स लॉटन याच्या सहकार्याने इंग्रजीत तयार झाली आणि जुलै १९४७ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात रंगभूमीवर आली. तिसरी पुन्हा जर्मनमध्ये, पूर्व बर्लिनच्या काळात सिद्ध झाली. तिच्या तालमी चालू असतानाच्या काळात, ऑगस्ट १९५६ मध्ये, ब्रेख्तचे निधन झाले.

तिन्ही संहितांतील निर्णायक प्रसंग एकच आहे. मतत्यागानंतर गुरूला सोडून गेलेला आंद्रेआ सार्ती अनेक वर्षांनी वृद्ध गॅलिलिओच्या भेटीस येतो, तेव्हा त्याला नव्या ग्रंथाची गुप्तपणे केलेली नक्कल मिळते. पहिल्या संहितेतही गॅलिलिओच्या तोंडी आत्मदोषारोपाचे सूर आहेत. परंतु एकूण रचनेचा कल त्याच्या चातुर्याला दाद देण्याकडे आहे. पाळतीखाली असलेला म्हातारा सत्तेला फसवितो आणि सत्य सीमेपार धाडतो. याच्या थोडे आधी, सत्य लिहिण्यातील पाच अडचणींवरील आपल्या निबंधात ब्रेख्तने सत्याचा प्रसार करण्याचे चातुर्य हा एक स्वतंत्र गुण मानला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या काळात जर्मनीतील लेखकांपुढे तुरुंग किंवा परागंदा होणे एवढेच पर्याय उरले होते, त्या काळात बाहेर पडलेले एक हस्तलिखित हाच विजय होता.

या वाचनाला इतिहासाचाही काही आधार आहे. ग्रंथ ज्याला अर्पण केला त्या नोआईच्या काउंटला उद्देशून लिहिताना, हस्तलिखित आपल्या नकळत मुद्रकाच्या हाती गेले, असा बहाणा खऱ्या गॅलिलिओने केला होता. चातुर्य नाटककाराने पदरचे घातलेले नाही.

मात्र लॉटनबरोबर काम चालू असतानाच ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्यानंतर ब्रेख्तच्या लेखी गॅलिलिओचे चरित्र वेगळे वाचले जाऊ लागले. उत्तरकालीन संहितांत आंद्रेआ जेव्हा उत्साहाने गुरूच्या शरणागतीचा डावपेच म्हणून अर्थ लावतो, तेव्हा गॅलिलिओ ते समर्थन नाकारतो. त्यात योजना नव्हती, यातनांची साधने दाखविली गेली आणि शारीरिक वेदनेची भीती वाटली, असे तो सांगतो. पुढे जाऊन, आपण ज्ञान सत्ताधाऱ्यांच्या हवाली केले, शास्त्रज्ञांनी आपले ज्ञान मानवाच्या हितासाठीच वापरण्याची प्रतिज्ञा निर्माण होण्याची संधी आपण घालविली, असा आरोप तो स्वतःवर ठेवतो. ग्रंथ तोच आहे, सीमा तीच आहे. परंतु ग्रंथ पोचला म्हणजे सारे साधले, हे गृहीतक आता उरलेले नाही.

३

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. १६३३ मधील माणसाला १९४५ मधील संहाराच्या संदर्भात दोषी कसे ठरविता येईल? कृतीचे मूल्य कर्त्याच्या हेतूवर आणि त्याला उपलब्ध असलेल्या ज्ञानावर अवलंबून असते, अशी आपली सर्वसाधारण धारणा आहे. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी ‘नैतिक दैवयोग’ या संकल्पनेच्या आधारे या धारणेतील भेगा दाखविल्या. कर्त्याच्या हाती नसलेल्या परिणामांमुळेही त्याच्या कृतीविषयीचा आपला निवाडा बदलतो, ही त्यांची मांडणी होती. परंतु तीन शतकांनंतरचा परिणाम, मध्ये असंख्य माणसांचे निर्णय पडलेले असताना, एका वृद्धाच्या खाती मांडणे हे नैतिक दैवयोगाच्याही मर्यादेबाहेरचे आहे.

शिवाय आरोपातील ऐतिहासिक गृहीतही डळमळीत आहे. गॅलिलिओ ठाम राहिला असता, तर विज्ञानाचे लोकांशी असलेले नाते वेगळे झाले असते काय? १६०० मध्ये जोर्दानो ब्रूनो ठाम राहिला आणि रोममध्ये जिवंत जाळला गेला; त्यामुळे इन्क्विझिशन दुबळे झाले नाही. उलट गॅलिलिओच्या शिक्षेची वार्ता समजताच देकार्तने आपला विश्वविषयक ग्रंथ छापण्याचा बेत १६३३ मध्येच सोडून दिला. नाटकातही या घटनेचा उल्लेख येतो आणि तो गॅलिलिओविरुद्धचा पुरावा म्हणून येतो. पण देकार्तचे मौन शिक्षेतून आले, शरणागतीतून नव्हे. गॅलिलिओ जाळला गेला असता, तर देकार्त अधिक धीट झाला असता असे मानण्यास जागा नाही.

तरीही आरोपाचा एक भाग शिल्लक राहतो आणि तोच महत्त्वाचा आहे. गॅलिलिओने १६३२ मधील विश्वरचनेविषयीचा संवाद विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये लिहिला होता. नाटकात या निवडीचे प्रतीक म्हणजे लॅटिन न जाणणारा, भिंगे घासणारा फेदेर्झोनी. पृथ्वीच्या भ्रमणाचे सत्य हे त्याच्यासारख्यांना दिलेले आश्वासन होते. आर्चेत्रीत पूर्ण झालेला ग्रंथ पदार्थांची बळकटी आणि वस्तूंची गती यांविषयीचा आहे. सूर्य आणि पृथ्वी यांचा वाद त्यात उघडपणे येत नाही. म्हणजे ज्या नाण्यात कर्ज घेतले, त्या नाण्यात ते फेडलेले नाही. भौतिकशास्त्र समृद्ध झाले. पण फेदेर्झोनीचे देणे तसेच राहिले. कृती आणि कलाकृती यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही, तो या अर्थाने.

४

मग निवाडा कोणी करावयाचा? क्षमा करणारा आंद्रेआ हा त्या शरणागतीचा लाभार्थी आहे. ग्रंथ त्याच्या हाती पडलेला आहे, आणि ज्याला लाभ झाला त्याने दिलेल्या क्षमेला फारसा अर्थ नसतो. क्षमा करू शकला असता तो फेदेर्झोनी, आणि तो या प्रसंगी रंगमंचावर नाही. दोषी ठरविणारा एकटाच आहे, तो म्हणजे स्वतः गॅलिलिओ.

विल्यम्सने ‘कर्त्याची खंत’ नावाच्या भावनेचे विश्लेषण केले आहे. स्वतःची चूक नसताना ज्याच्या वाहनाखाली मूल सापडते, त्या चालकाला आपण ‘तुझा दोष नाही’ असे सांगतो आणि ते सांगणे योग्यच असते. पण त्याने ते फार लवकर मान्य केले, तर आपल्याला खटकते. जे इतरांनी म्हणू नये तेच त्याने स्वतःशी म्हणावे, अशी आपली अपेक्षा असते. नैतिक भाषेत प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी विधाने परस्परांत बदलता येत नाहीत. ‘मी अपराधी आहे’ हे गॅलिलिओचे वाक्य त्याच्या मुखी सार्थ आहे. ‘तो अपराधी आहे’ हे आपल्या मुखी उद्धटपणाचे ठरते. यातनांची साधने आपल्याला कोणी दाखविलेली नाहीत.

या निकषावर ब्रेख्तची नाट्यसंहिता आणि तिच्यावरील त्याचीच टिपणे यांत भेद करावा लागतो. टिपणांत तो गॅलिलिओच्या अपराधाला आधुनिक विज्ञानाचे आदिपाप म्हणण्यापर्यंत जातो. तेथे बोलणारा नाटककार आहे, आणि त्याचा निवाडा तृतीयपुरुषी आहे. नाटकात मात्र तोच निवाडा पात्राच्या तोंडून येतो आणि म्हणून टिकतो. लेखकाचे भाष्य संहितेहून दुबळे असू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

हाच निकष आपल्यालाही बंधनकारक आहे. लॉस एंजेलिसमधील प्रयोगानंतर तीनच महिन्यांनी, ३० ऑक्टोबर १९४७ रोजी, ब्रेख्त वॉशिंग्टनमध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे उभा राहिला. त्याच्या आधी बोलाविलेल्या दहा चित्रपटकर्मींनी उत्तर देण्यास नकार दिला आणि पुढे तुरुंगवास भोगला. ब्रेख्तने उत्तरे दिली, आपण कधीही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नव्हतो असे सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी युरोपचा रस्ता धरला. आपल्या नायकाला नाकारलेले चातुर्य त्याने स्वतः वापरले, असे म्हणण्याचा मोह समीक्षकाला होतो. पण त्याने कोणाचा विश्वासघात केला नव्हता, तो परदेशी होता, त्याची परिस्थिती वेगळी होती. या प्रसंगाचा हिशेब मांडण्याचा प्रथमाधिकार त्याचाच होता.

उलट जेथे प्रथमपुरुषी वाक्याची जागा खुली असते, तेथे ते न उच्चारणे हा स्वतंत्र दोष ठरतो. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी विज्ञान-अकादमीपुढे गॅलिलिओ-प्रकरणाचा समारोप केला. त्या काळच्या धर्मशास्त्रज्ञांची चूक झाली हे त्यांनी मान्य केले, पण एकंदर प्रकरणाचे वर्णन दोन्ही बाजूंनी एकमेकांना न समजून घेतल्याची शोकांतिका असे केले. गुडघे टेकणारा एक आणि टेकविणारा दुसरा, अशा दोघांना ‘एकमेकांना’ या शब्दाने एका पातळीवर आणता येते काय? संस्थेला ‘आम्ही’ म्हणण्याची संधी होती. तिने बराचसा भाग ‘ते’ या सर्वनामावर ढकलला.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक मर्यादित पण उपयुक्त नियम हाती येतो. कलावंताच्या किंवा शास्त्रज्ञाच्या स्खलनाची चर्चा करताना त्याची कृती त्याच्या कलाकृतीने धुऊन काढू नये आणि कलाकृतीही कृतीने डागाळू नये, एवढे पुरेसे नाही. देणे कोणाचे राहिले हे आधी विचारले पाहिजे. गॅलिलिओच्या बाबतीत ते लॅटिन न जाणणाऱ्या वाचकाचे होते. त्या वाचकाच्या वतीने माफी देण्याचे किंवा शिक्षा फर्मावण्याचे मुखत्यारपत्र विद्यापीठातल्या अभ्यासकाला कोणी दिलेले नाही.